नाल्यात सापडलेला हा दगड अश्मयुगातलं हत्यार आहे का? ओळखायचं कसं आणि पुढे काय करायचं?

प्रवराकाठचा
नमस्कार मंडळी. मी नेवासा तालुक्यातला, ऊस आणि थोडा कांदा करतो. गेल्या उन्हाळ्यात शेताच्या कडेच्या नाल्याचं खोलीकरण झालं. जेसीबीने उपसलेल्या ढिगाऱ्यात एक दगड नजरेत भरला म्हणून घरी आणला. वीतभर लांब, बुडाला जाड आणि टोकाकडे निमुळता. आंब्याची मोठी कोय असते ना, तसा. दोन्ही अंगांनी टवके उडालेत आणि दोन्हीकडचे टवके कडेला येऊन भेटतात. वरून पिवळट करडा आहे, पण जेसीबीचा दात लागलाय तिथे आत काळाभोर. मागचं दार वाऱ्याने आपटतं म्हणून आईने तो दाराला टेकण लावला. वर्ष झालं, तिथेच होता.

परवा पुतण्याच्या इतिहासाच्या पुस्तकात हातकुऱ्हाडीचं, म्हणजे मुठीत धरायच्या दगडी हत्याराचं, चित्र पाहिलं आणि उठून दारातला दगड हातात घेतला. बूड तळहातात बसलं आणि अंगठा आपोआप एका खोलगट जागी गेला. खरं सांगतो, अंगावर काटा आला.

चार फोटो टाकलेत. हे हत्यार आहे की मला भास होतोय? आणि असेल तर मी आता काय करायचं?

सायली_पुणे
वाचतेय. तिसरा फोटो मोठा करून पाहिला. कडा फारच सारखी दिसते.

निळावंत
उत्साह मोडायचा नाही, पण सांभाळून. नदीत, नाल्यात दगड दगडावर आपटतात, उन्हाने तडकतात. खडी क्रशरच्या आसपास तर असे शेकड्याने मिळतात, आणि इथे जेसीबीही फिरलाय. माझ्या एका मित्राने असंच पोतंभर गोळा केलं होतं, त्यात एकही हत्यार निघालं नाही.

भूस्तर
निळावंत, तुमची शंका रास्त आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. मी भूशास्त्र शिकवतो. पुरातत्त्व हा माझा विषय नाही, पण गोदावरी-प्रवरेच्या काठाने पुष्कळ हिंडलोय.

माणसाने दगडाच्या कडेवर नेमका घाव घातला की छिलका निघतो. छिलक्यावर घावाच्या जागेखाली छोटा फुगवटा येतो आणि तिथून पाण्यात खडा टाकल्यासारखी वलयं पसरतात. मूळ दगडावर त्याचीच उलटी, म्हणजे खोलगट खूण राहते. एकदोन टवके निसर्गातही उडतात. पण एकाच कडेने, आळीपाळीने दोन्ही अंगांनी, दहापंधरा टवके एका आकाराच्या दिशेने उडालेले असतील तर तिथे कुणाचा तरी हात आहे. नदी आपटते तेव्हा टोकं गोल होतात, कडेला धार येत नाही.

दुसरी गोष्ट रंग. बेसाल्ट, म्हणजे आपला काळा दगड, हजारो वर्षं हवापाण्यात राहिला की वरून पिवळट, करडा पडतो. तुमच्या दगडाच्या सगळ्या टवक्यांवर तो जुना रंग आहे आणि फक्त जेसीबीच्या ओरखड्यात ताजा काळा. म्हणजे टवके जुने, ओरखडा नवा. क्रशरचा दगड असता तर सगळीकडूनच काळा दिसला असता.

तिसरी गोष्ट तुमचं गाव. नेवासा या विषयात जगाला माहीत असलेलं नाव आहे. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या सहकाऱ्यांनी १९५४ पासून तिथे उत्खनन केलं. लाडमोडच्या टेकाडात ताम्रपाषाण काळापासूनच्या, म्हणजे तांबं आणि दगड दोन्ही वापरायचे तेव्हापासूनच्या, वस्त्या निघाल्या आणि नदीकाठच्या दरडींत त्याहून कितीतरी जुनी हत्यारं. दरडीतल्या खालच्या, गोट्यांच्या थरात हातकुऱ्हाडी आणि फरश्या. फरशी म्हणजे परशूसारखी सरळ आडव्या धारेची. वरच्या बारीक खड्यांच्या थरात छिलक्यांची लहान हत्यारं, तासण्या, टोच्या. खालची बेसाल्टची, वरची चर्ट, जॅस्पर, अकीक अशा गुळगुळीत दगडांची. भारतात मध्य पुराश्मयुग, म्हणजे जुन्या अश्मयुगाचा मधला, छिलक्यांच्या हत्यारांचा, वेगळा टप्पा मानावा लागतो, हे नेवाशाच्या थरांवरूनच ठामपणे मांडलं गेलं.

गुद्रुन कॉर्विनस या जर्मन संशोधक बाईंनी १९६६ ते ६९ मध्ये तिथल्याच चिरकी नाल्याकाठी खणलं. पुढे त्यांनी इथिओपियात आणि नेपाळातही काम केलं. चिरकीत हातकुऱ्हाडी आणि फरश्यांचा खजिनाच निघाला.

फोटोवरून शिक्का मारणार नाही, पण दादा, तो दगड आधी दारातून काढा.

प्रवराकाठचा
काढला! आता धान्याच्या कोठीवर फडक्यात बांधून ठेवलाय. चिरकी नाला आम्हाला बैल धुवायला माहीत होता. तिथे परदेशातून येऊन कुणी तीन-तीन वर्षं खणत होतं हे गावात कुणी सांगितलंच नाही.

टाकीचे_घाव
आमच्या घरी चार पिढ्या दगडाचं काम. आजोबा गावोगाव पाटे-वरवंटे, जाती विकायचे, टाकी लावून द्यायचे. मी आता ठेकेदारी करतो, पण छन्नी-हातोडा विसरलेलो नाही.

आजोबा दगडाला हात लावायच्या आधी बोटाच्या पेराने वाजवून बघायचे. खणखणला तर दगड जिवंत. भद्द वाजला तर आत चीर आहे, तो मेलेला. जिवंत दगड घाव घालू तिथे फुटतो, मेलेला वाटेल तिथे. चौथ्या फोटोत बुडाजवळ मूळ गोट्याची गुळगुळीत साल राहिली आहे बघा. कारागिराने ती मुद्दाम ठेवली असणार, नाहीतर तळहात कापला असता. आणि टोकाकडचे टवके लहान, पातळ आहेत. आधी मोठ्या धोंड्याने रूप काढलं, मग हलक्या हाताने धार बसवली. आम्हीही असंच करतो, आधी घण मग टाकी.

मी तसं एक करून पाहिलं, काळ्या गोट्यावर, लोखंड न वापरता, नुसत्या दुसऱ्या गोट्याने. नऊ गोटे वाया गेले. अडचण ताकदीची नाही. घाव कडेवर किती तिरका घालायचा तिथे सगळं आहे. जरा सरळ पडला की गोटा मधोमध तुटतो. हे ज्याला येत होतं त्याला कुणीतरी शेजारी बसवून शिकवलेलं होतं, यात मला तिळमात्र शंका नाही.

सायली_पुणे
टाकीचे_घाव, तुमचा प्रतिसाद वेगळा धागा व्हावा असा आहे. फोटो टाका ना त्या दहाव्याचा.

निळावंत
भूस्तर, टाकीचे_घाव, शंका मागे घेतो. रंगाचा मुद्दा लक्षातच आला नव्हता.

खानदेशकर
आमच्या जळगाव जिल्ह्यातलं एक ठिकाण सांगितल्याशिवाय राहवत नाही. चाळीसगाव तालुक्यातलं पाटणे. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने शिलालेख लावला ते पाटण याच भागात, पाटणादेवीजवळ. तिथे १९७०च्या दशकात एस. ए. साळी यांनी उत्खनन केलं. मध्य पुराश्मयुगापासून सूक्ष्मास्त्रांपर्यंत, म्हणजे अगदी बारीक दगडी पात्यांपर्यंत, थरावर थर मिळाले. आणि काय निघालं? शहामृगाच्या अंड्याची कवचं! एका तुकड्यावर आडव्या-उभ्या रेघांची जाळी कोरलेली, शिवाय कवचाचे मणी. सुमारे २५ हजार वर्षं जुने.

खानदेशात शहामृग, यावर शाळेत मास्तरांनी विश्वास ठेवला नव्हता. भारतात मिळालेल्या अशा कवचांची डीएनए तपासणी होऊन २०१७ मध्ये ते आफ्रिकेतल्या शहामृगाचेच नातेवाईक असल्याचं प्रसिद्ध झालं.

आता विचार करा. कवचाचा तुकडा घ्यायचा, दगडी टोच्याने मधोमध भोक पाडायचं. जरा जोर जास्त झाला की दोन तुकडे. मग कडा घासून गोल करायची. पोटामागे धावणारा माणूस एवढा वेळ एका मण्यावर घालवतो, तो कुणासाठी तरीच ना?

मालवणी_मिरची
शहामृगाचं आमलेट म्हणजे अख्ख्या वाडीची न्याहारी झाली असेल! :)

बोरिवली_फास्ट
आपल्याला हे सगळं नगर-जळगावकडचं वाटतं, पण मुंबईतही होतं. टॉड नावाच्या नौदल अधिकाऱ्याने १९३०च्या दशकात कांदिवलीच्या परिसरात पुराश्मयुगीन हत्यारं गोळा केली, थर नोंदवले आणि १९३९ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. मढ, मार्वे, एरंगळ, मनोरीच्या किनाऱ्याला त्यांना सूक्ष्मास्त्रं मिळाली. मी रोज त्याच कांदिवलीतून लोकल पकडते. ज्या जागांची त्यांनी वर्णनं केली त्यांवर आता इमारती आहेत. त्यांनी तेव्हा लिहून ठेवलं नसतं तर आपल्याला कळलंही नसतं.

सदाशिव_पेठी
पुण्यातही. मुठेच्या काठी, दत्तवाडीला सांकलियांना हत्यारं मिळाली होती. मी दत्तवाडीत वाढलो, नदीत दगडांच्या भाकऱ्या करत. काय काय पाण्यात भिरकावलं असेल कुणास ठाऊक.

गारगोटीवेडा
माझ्याकडे वीस वर्षांत जमवलेली दोन पेट्या हत्यारं आहेत. तापी, गिरणा, गोदावरी. पाती, गाभे (छिलके काढून उरलेले दगड), दोन सुंदर हातकुऱ्हाडी. मी तर म्हणतो, दिसलं की उचलावं. नाहीतर ट्रॅक्टर आणि वाळूवाले त्याचा चुरा करतात. प्रवराकाठचे, तुम्ही वाचवलंत, छान केलंत.

अश्मक
गारगोटीवेडा, तुमचं प्रेम खरं आहे, पण मी कळकळीने विरोध करणार. मी काही वर्षं उत्खननांवर काम केलंय.

हातकुऱ्हाडीचा आकार दहा लाख वर्षांहून जास्त काळ जवळपास तोच राहिला. नुसता दगड पाहून तो बारा लाख वर्षांचा की दोन लाख, हे कुणीही सांगू शकत नाही. वय कळतं ते थरावरून, त्याच्या खालच्या-वरच्या वाळूवरून, शेजारच्या हाडांवरून. तमिळनाडूत अत्तिरमपक्कमला शांती पप्पू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोल चर घेऊन थर न् थर मोजला, म्हणून तिथली सर्वांत खालची हत्यारं सुमारे १५ लाख वर्षांची हे २०११ मध्ये सांगता आलं. रॉबर्ट ब्रूस फूट यांनी ३० मे १८६३ ला चेन्नईजवळ पल्लावरमला भारतातली पहिली हातकुऱ्हाड उचलली, आणि अत्तिरमपक्कमच्या परिसरातल्या हातकुऱ्हाडी त्यांनीही पाहिल्या होत्या. दगड तेच, पण वय कळायला दीडशे वर्षं आणि शिस्तीचं खोदकाम लागलं.

कर्नाटकातल्या इसामपूरचं उदाहरण घ्या. के. पद्दय्या यांच्या चमूला तिथे चुनखडकाच्या लाद्यांजवळ अख्खा कारखाना मिळाला. लादी, आपटायचे धोंडे, अर्धवट सोडलेली हत्यारं, छिलक्यांचे ढीग, सगळं जागच्या जागी. कारागीर कुठे बसला, कचरा कुठे पडला तेसुद्धा वाचता येतं. तिथून कुणी छानसे चार दगड वेचून नेले असते तर? तुमच्या पेट्यांत हत्यारं आहेत, पण त्यांची जागा हरवली आहे. निदान प्रत्येकावर कुठून, कधी, नदीपात्रात की दरडीत, एवढं आठवेल तितकं आजच लिहा.

गारगोटीवेडा
राग नाही आला. खरं सांगायचं तर निम्म्यांचं गावही आठवत नाही. आज रात्री पेट्या उघडून बसतो.

जुन्नरी_मावळा
अश्मक, थरावरून वय कळतं म्हणता, मग आमच्या जुन्नरकडच्या बोरी गावाचं काय? कुकडीकाठी ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्या परिसरात हातकुऱ्हाडी. कुणी म्हणतं राख १४ लाख वर्षांची, कुणी पावणेसात लाख, कुणी म्हणतं ७५ हजार.

अश्मक
बोरीसारखं कोडं नाही! राख सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची, पण टोबा एकदाच फुटलेला नाही. राखेतल्या खनिजांवरून वय काढलं की जुने आकडे येतात, काचेच्या कणांची रासायनिक ओळख पटवली की ७५ हजार वर्षांपूर्वीच्या शेवटच्या मोठ्या स्फोटाशी जुळते. खेरीज राख जिथे पडली तिथेच राहिली की पावसाने वाहून दुसऱ्या जागी साचली, हाही प्रश्न. हत्यारं राखेखालची की तिच्यासोबत वाहून आलेली, यावर सगळं अडतं. माझा कल विचाराल तर हातकुऱ्हाडी जुन्या आणि राख नंतरची, असं मला वाटतं. पण हा वाद मिटलाय असं मी म्हणणार नाही. आणि वाद तरी का घालता येतो? थर अजून जागेवर आहेत म्हणून.

रानवाटा
थोडं वेगळं. शिकारी म्हटलं की डोळ्यांसमोर भाला घेतलेला पुरुष येतो. दगडी हत्यारांवरून एवढं कळतं का? हातकुऱ्हाडीने जनावर पाडता येत नाही. ती सोलायला, हाडं फोडून मगज काढायला, कंद उकरायला, लाकूड तासायला. वाघाने मारलेल्यातलं उरलेलंही खात असतील. आणि घडवणारी बाई नव्हती कशावरून?

अश्मक
शंभर टक्के. कुणी घडवलं हे दगडावर लिहिलेलं नसतं. घडवणाऱ्यांची हाडं तरी कुठे मिळतात? भारतात इतक्या जुन्या माणसाची म्हणून नर्मदाकाठच्या हथनोराला १९८२ मध्ये अरुण सोनकियांना मिळालेली कवटी, एवढाच मोठा ठेवा. लाकूड तर कुजूनच जातं. जर्मनीत शोनिंगेनला चिखलाने राखले म्हणून लाकडी भाले मिळाले, तेही घोड्यांच्या हाडांच्या संगतीत. आपल्या नद्यांकाठीही भाले असतीलच. आपल्या हाती त्यांच्या संसारातलं फक्त न कुजणारं उरलंय.

बोकडाची_जत्रा
सोलण्याचं निघालंच आहे तर. दोन वर्षांपूर्वी जत्रेच्या बोकडाला आम्ही तिघा भावांनी लोखंडाची सुरी न लावता सोलून पाहिलं. एक लाल जॅस्परचा छिलका, एक काळ्या दगडाचा मोठा. जॅस्परचा छिलका जेमतेम दोन बोटांचा, पण कातडं असं उलगडत गेला की काका बघत राहिले. सुरी चरबीने बुळबुळते, याची धार शेवटपर्यंत लागत होती. काळ्याची धार लवकर बोथट झाली. पण सांध्याशी आलो तेव्हा जॅस्परची कड टचकन उडाली आणि तिथे काळाच कामाला आला, वजनामुळे. त्या दिवशी कळलं, एक दगड दुसऱ्यापेक्षा मागास नाही, कामं वेगळी आहेत.

भूस्तर
अप्रतिम निरीक्षण! शिवाय हे दोन्ही दगड एकाच घरातले. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा बेसाल्ट, आणि त्यातल्या पोकळ्यांत नंतर साचलेले अकीक, जॅस्पर. ते गोटे लहान असतात, त्यांची वीतभर हातकुऱ्हाड व्हायचीच नाही. दगड बदलला तसा हत्याराचा आकारही बदलला.

गावकुसाबाहेर
एक विचारू? आमच्याकडे पारधी सापळे लावायचे ते पाहिलंय. अश्मयुगातली माणसं अशीच असतील का? त्यांच्याकडून ते जगणं समजून घेता येईल ना?

रानवाटा
रानाची जाण त्यांच्याकडून जरूर शिकावी. सापळा कुठे लावायचा, माग कसा काढायचा, हे त्यांच्याइतकं कुणाला येतं? पण आजच्या कुठल्याही समाजाला अश्मयुगाचा उरलेला तुकडा मानू नये. त्यांचा इतिहास तुमच्या-माझ्याइतकाच लांब आहे. त्यांच्यावर आधीच नको ते शिक्के पुष्कळ मारले गेलेत.

गावकुसाबाहेर
पटलं. शब्द चुकला माझा.

मालवणी_मिरची
कोकणाचं नाव कुणी घेईना म्हणून मीच घेते. आमच्या सड्यांवरची, म्हणजे उघड्या कातळाच्या माळांवरची, कातळशिल्पं! राजापूरजवळच्या कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि त्याच्या पोटात कितीतरी जनावरं. मी बारसूच्या सड्यावर भर दुपारी उभी राहिल्ये, पाय भाजत होते, पण हलवेना. २०२२ पासून ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. सिंधुदुर्गातल्या कोळोशीच्या गुहेत अश्मायुधं मिळालीत. तिकडे गोव्यात कुशावतीकाठी उसगाळीमळला तर नदीच्या काठालाच बैल, हरणं कोरलेली. शिकार करणाऱ्यांनीच हे कोरलं का?

अश्मक
चित्रांत शेती दिसत नाही, जनावरं आणि मासे भरपूर, म्हणून शिकारी-मासेमारांची असावीत असं पुष्कळांचं मत आहे. पण कातळावर थर साचत नाहीत, म्हणून वय काढणं महाकठीण. तुम्ही खरंच वेगळा धागा काढा, मी येतो.

सायली_पुणे
धागा वर काढतेय, दोन महिने झाले. प्रवराकाठचे दादा, दगडाचं पुढे काय झालं?

प्रवराकाठचा
उशीर झाला, माफी असावी. तोडणी चालू होती.

अश्मक यांचं वाचून मी टॉर्च आणि टेप घेऊन नाल्यात उतरलो. दरड कापलेली आहे तिथे सगळं पाटीवर लिहिल्यासारखं दिसतं. वर काळी माती पाच फूट. खाली पिवळी, त्यात चुनखडीचे पांढरे खडे. सगळ्यात खाली गोट्यांचा थर, सिमेंट ओतल्यासारखा घट्ट. जन्मभर या नाल्यातून जा-ये केली, हे कधी दिसलं नाही. त्या घट्ट थरात एक धार बाहेर आलेली दिसली. हात शिवशिवले, पण लावला नाही. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढले, बांधापासूनचं अंतर लिहिलं आणि पुण्याला फोन केला.

तिघे अभ्यासक येऊन दोन दिवस राहिले. थरातली फरशी निघाली. ती जागेवरच मोजून, चित्र काढून, वाळूचे नमुने घेऊन मग नेली. वय सांगायला वेळ लागेल म्हणाले. दारातला दगड हातकुऱ्हाडच आहे, पण ढिगाऱ्यातून उचललेली, त्यामुळे कुठल्या थरातली ते सांगता येणार नाही. ऐकून वाईट वाटलं. जेसीबी चालू होता तेव्हा मी तिथेच उभा होतो हो.

पुढच्या टप्प्याचं खोलीकरण येणार आहे. ग्रामसभेत विषय मांडला. आधी थोडे हसले, मग फोटो फिरवले. तेवढी चाळीस फूट दरड सोडून काम करायचं असा ठराव झाला. शाळेची पोरं नेऊन आणली. एकाने विचारलं, यांचं गाव कुठं होतं? मी म्हटलं, इथंच.

टाकीचे_घाव
दादा, डोळ्यांत पाणी आणलंत. मोकळे असाल तेव्हा येतो, ती दरड पाहायचीय. आणि आईंचं दार? त्याला आता काय लावता?

प्रवराकाठचा
या की, जेवायलाच या. दाराला फुटका वरवंटा लावलाय. आईला मात्र तो पसंत नाही, म्हणते पहिला दगड चांगला बसत होता.

टाकीचे_घाव
येताना एक घडवून आणतो.